आठवडा कधी संपतो याविषयी

प्रिय इसिल्डाताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्यासाठी रोज प्रार्थना करतो. दाजींच्या खोकल्यासाठीही करतो. (चर्चच्या मागे उभं राहून ते ओढतात ती सिगारेट सुटावी म्हणूनही करतो, पण त्या बाबतीत तुझ्याकडून काही कळलेलं नाही.) इथे मॅनिटोबात बर्फ पडायला लागलंय. मी प्रभूच्या कृपेने ठीक आहे. तुझी नॅडीनही ठीक आहे.

तू मागच्या पत्रात विचारलंस, की पोरगी तीन वर्षं घरी आली नाही, तिकिटाला पैसे नाहीत म्हणते, मग पगार जातो कुठे? बुटांवर उडवते का? ताई, बुटांचा यात काही दोष नाही. उत्तर दुसरंच निघालं, तेच लिहायला बसलोय.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी रात्रपाळीहून आल्यावर मी बूट झटकले, मक्याची लापशी गॅसवर ठेवली आणि बायबल उघडलं. तेवढ्यात नॅडीन तिची पगाराची पावती घेऊन आली. आम्ही दोघं एकाच वृद्धाश्रमात काम करतो, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री अकरा ते सकाळी सात. म्हाताऱ्यांना कूस बदलून द्यायची, पाणी पाजायचं, कुणी घरी जायला निघालं तर समजावून पुन्हा झोपवायचं. नॅडीन म्हणाली, "मामा, रोवेना माझ्याच वॉर्डात, माझ्याच पाळ्या करते. तिला जास्त कसे मिळतात? ती काय दोन-दोन म्हातारे एकदम उचलते?" मी म्हटलं, फिलिपिनो मंडळी काटकसरी असतात. "मामा, काटकसरीने पगार वाढत नाही," ती म्हणाली. मी लापशी ढवळत राहिलो. (ती खाली लागली होती.)

आमच्याकडे शनिवार-रविवारच्या तासांना जादा भत्ता आहे, आणि ते तास ज्याने त्याने कागदावर लिहून द्यायचे. नॅडीन नोकरीला लागली तेव्हा कागद कसा भरायचा हे मीच तिला शिकवलं. बायबल आणि गावची शाळा या दोन्हींच्या आधारे शिकवलं. शब्बाथ, म्हणजे प्रभूचा विसाव्याचा दिवस, ही आठवड्याची अखेर. तो शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी सूर्यास्ताला सुटतो. तेव्हा शुक्रवारची रात्र भत्त्याची. शनिवारी रात्री आपण कामावर जातो तोवर नवा आठवडा सुरू झालेला असतो, त्याचा जादा पैसा मागणं म्हणजे लबाडी. शब्बाथ दिवशी आजाऱ्यांची सेवा चालते, ते दयेचं काम. पण त्या रात्रीची कमाई मी आईसारखीच चर्चच्या पेटीत टाकतो. हे सगळं मी तिला इतक्या शांतपणे समजावलं होतं, की तिला शंका आलीच नाही. मलाही आली नव्हती.

सोमवारी आम्ही दोघं पगार विभागातल्या कोवालचुकबाईंकडे गेलो. त्यांनी माझे कागद चाळले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लॅसेल्स, तुमचा शनिवार जातो कुठे?"

"सूर्यास्ताला संपतो."

"आमचा शुक्रवारी रात्री बाराला लागतो आणि रविवारी रात्री बारापर्यंत भत्ता चालतो. सूर्य आमच्याकडे नोकरीला नाही."

नॅडीनने माझ्याकडे जे पाहिलं, ते तुझंच पाहणं होतं, ताई. आईची चिनी बरणी मी फोडली तेव्हाचं. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे माझं तिकीट तुमच्या सूर्याबरोबर मावळलं!"

तर हिशोब असा, की शनिवारची अख्खी रात्र आम्ही मागितलीच नव्हती, आणि दर शुक्रवारचा बारापूर्वीचा तास मात्र फुकट लाटला होता. तो मी परत करीन म्हणालो. बाई म्हणाल्या, राहू द्या. मी म्हटलं, राहणार नाही. बाई म्हणाल्या, बावीस वर्षांत असला माणूस पाहिला नाही, आता दार लावून घ्या. चर्चच्या खजिनदारांना मी सहज विचारलं, पेटीत चुकून जास्त पडलं असेल तर? ते म्हणाले, "ब्रदर, पेटीला वरून भोक आहे, खालून नाही." म्हणून माझा तास मी पदरचा भरला. नॅडीनचाही मीच भरला, कारण ती म्हणाली, "ज्याने शिकवला त्यानेच भरायचा."

दुरुस्तीचा अर्ज मागच्या सहा महिन्यांपुरताच चालतो. त्याआधीचं बुडालं. तेव्हा पोरीवर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर मला पत्र टाक, मी शांतपणे वाचीन.

तुझा धाकटा भाऊ,
लॅसेल्स

ता. क. थकबाकी मिळाली. नॅडीनची आणि माझी मिळून बरोबर एक तिकीट होतं. ती नाताळला येतेय. निरफणस भाजून ठेव, तिला इथला आवडत नाही.

ता. क. २. आता खरं काम. तिकीट मी काढलं. सर्वांत स्वस्त होतं ते घेतलं, वार पाहिला नाही. विमान माँटेगो बेच्या विमानतळावर शनिवारी दुपारी दोनला उतरतं, शब्बाथ सुटायला चांगले साडेतीन तास असताना. तू त्या दिवशी प्रवास करत नाहीस हे मला ठाऊक आहे. मी दोन रात्री यावर विचार केला, प्रार्थनाही केली. तीन वर्षांनी आलेल्या लेकीला घरी आणणं हे दयेचं काम आहे, असं माझं मत पडलं. तेव्हा गाडी करून जा. पाळकांना विचारू नकोस, मी विचारलेलं नाही. पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत.