डाव्या बाजूची चार भोकं

लाडक्या संत्या,

भोकात सीलंट भरलं की पुरा एक दिवस गाडीला हात लावायचा नाही, हे तुझंच फर्मान! आज दुपारी भरलंय. हात लावायची बंदी, आणि शेडमधून उठवतही नाही. मग गाडीशेजारीच स्टूल टाकलं आणि तुला लिहायला घेतलं. दुसऱ्या कुणाला सांगू?

होय रे, तुझ्या वॉटर स्कूटरला डावा पंख बसला.

गाडीच्या दोन्ही कडांचे जुने आखूड पंख काढून हे लांब पंख आणलेस, तेव्हा किती हौसेनं समजावत होतास आम्हाला! वळताना गाडी मागून घसरते, धरणाच्या फुगवट्यावर पर्यटक मागं बसलेला असतो, तो पडला तर? हे पंख दोन्ही बाजूंनी पाणी धरून ठेवतात. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि उजवा बसल्यावर म्हणाली, "आता एका शिंगाची म्हस दिसतीया बघ." किती हसलो होतो आपण! तू गेल्यापासून ती तसं एकदाही म्हणाली नाही.

एक विचारू? अंगात ताप असताना तो उजवा पंख बसवायचा हट्ट कशाला होता? "डावा बसला की जातो की दवाखान्यात." भोकातून थेंबभर पाणी आत येऊ नये म्हणून जिवाचं रान करणारा तू, स्वतःच्या अंगाकडं कसं रे बघितलं नाहीस? उचलून नेलं तोवर फार उशीर झाला होता. याचा राग मला अजून येतो. आज तर फारच आला.

डाव्या बाजूला तू चार फुल्या मारून ठेवल्या होत्यास, पेन्सिलीनं. उजव्या बाजूची भोकं आखायला कापलेला पुठ्ठा उलटा करून, दोन्ही पंख एकाच उंचीवर यावेत म्हणून मोजून मोजून. नाहीतर गाडी एकीकडं ओढते. तुझ्या हातचं ते शेवटचं काम. आई गाडीवरची धूळ पुसायची ती त्या फुल्या चुकवून. मला ड्रिल घेऊन जवळ फिरकू देईना. "भोक पाडलंस की फुली गेली. मग काय उरलं गं त्याचं?" मी ड्रिल परत ठेवून दिलं.

मग गेल्या आठवड्यात गाडी विकत घ्यायला गडहिंग्लजहून एक गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फेरी मारून म्हणालं, "ह्यो एकच पंख कशाला ठिवलाय? काढून टाकतो, भोकं बुजवून घेतो." आईनं त्याच्या हातातला अर्धा प्यालेला चहाचा कप काढून घेतला! आपल्या आईनं, संत्या! वैऱ्यालाही चहा पाजल्याशिवाय न सोडणाऱ्या बाईनं! "पावणं, गाडी द्यायची न्हाय. या आता."

तो गेल्यावर आई गाडीजवळ आली. म्हणाली, "सुमे, त्यानं फुल्या काय जपून ठिवाय मारल्या न्हाईत. पाड भोकं."

पहिल्या फुलीवर ड्रिल टेकवलं तेव्हा ती बघत राहिली. मी डोळे मिटणार होते, पण भोक वाकडं गेलं असतं तर तू वरूनही शिव्या घातल्या असत्यास. पांढरा भुगा पडला आणि फुली गेली. चारही गेल्या. आईनं तो भुगा झाडू दिला नाही, पदरात घेतला.

बोल्ट बाहेरून धरायला एक माणूस लागतं आणि सीटखालून आत हात घालून नट फिरवायला दुसरं. उजव्या बाजूला आत माझा हात होता आणि तू बाहेरून ओरडत होतास, "अक्का, ट्रॅक्टर न्हाय ही! दोन बोटांनी आवळ!" हे आपल्याला आधी सांगणारा तरी कोण होता? आपल्या आप्पांच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात ट्रॉलीचे नट आवळायचे तर पान्याला पाइप जोडून त्यावर उभं राहायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. पहिल्या वॉटर स्कूटरला तू तसाच जोर लावलास आणि तिच्या अंगाचं फायबर कट्‌कन तडकलं! मुरगूडभर हसं झालं होतं आपलं. त्या दिवसापासून तू दोन बोटांवर आलास.

आज बाहेर मी होते आणि आत आईचा हात. भीत भीत म्हटलं, "आई, दोन बोटांनीच हं."

"मला शिकवू नगंस. धार काढताना सडाला जोर लावला तर म्हस लाथ घालती. बोटांस्नी कळतंय सगळं."

आणि खरंच कळलं रे! सीलंट सगळ्या कडेनं सारखं बाहेर आलं. तू असतास तर तिला खांद्यावर घेऊन नाचला असतास.

नंतर ती उजव्या बाजूला गेली आणि तिथंच खाली बसली. तुझ्या वेळी बाहेर आलेलं सीलंट तू अंगठ्यानं पुसलं होतंस. पंखाच्या मागच्या टोकाला त्या अंगठ्याच्या रेषा तशाच वाळल्यात. इतके महिने आम्हाला दिसल्या नव्हत्या. आईनं त्यांवर स्वतःचा अंगठा ठेवला. "ह्ये तरी ऱ्हाईल न्हवं?"

मी हो म्हटलं. पण तुला आणि मला ठाऊक आहे, सीलंट कायमचं नसतं. कधीतरी ते कडक होतं, सुटतं, आणि पाणी आत यायला लागतं.

उद्या दुपारनंतर पहिली फेरी मी मारणार आहे. परत आल्यावर सगळे नट तपासणार, दोन बोटांनी. गाडी स्वच्छ पाण्यानं धुणार, पंखात अडकलेलं शेवाळ काढणार. आणि संत्या, तुला शब्द देते. ज्या दिवशी उजव्या बाजूनं थेंब आत येईल, त्या दिवशी तुझा तो अंगठा मी माझ्या हातानं खरवडून काढीन. रडेन, पण काढीन. मागं बसलेल्या माणसाला पडू द्यायचं नाही, त्यासाठीच तर तू हे पंख आणलेस ना?

तोवर मात्र त्याला हात लावणार नाही.

तुझी,
अक्का