पालथी पायली

त्या दिवशी तुमच्या हातात लाटणं होतं ना, मग माझ्या तोंडावर का नाही हाणलं? सासू होतात तुम्ही, गल्लीतल्या बाकीच्या सासवा तेवढं करत होत्या. तुम्ही गप्प बसलात आणि मला वाटलं मी जिंकले. हे तुमचं चुकलं, ते आधी सांगून टाकते.

अक्का, मी तुमची धाकटी सून. आता मीच आजी झाले, धुळ्याला लेकाकडे राहते, तिसऱ्या मजल्यावर. चौथीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर लिहितेय, नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तर हिंमत झाली.

माझी मान धरली आहे, दोन महिने झाले. मागे बघायचं तर अख्खी वळावं लागतं, बैलगाडीसारखी. लेकाने मानेचे व्यायाम शिकवणाऱ्या एका पोरीकडे नेलं. तिने विचारलं, आजी, दिवसभर काय करता? मी म्हटलं, जन्मभर धरणगावकडे शेतात राबले, कापूस वेचला, भाकरी थापल्या, आणखी काय करणार. ती मोठ्या आदराने बघायला लागली. तेवढ्यात सोबत आलेली कॉलेजातली नात म्हणाली, "आजी, खरं सांग ना. कापूस सोडून पंधरा वर्षं झाली. ताई, ही डोक्याखाली दोन उशा घालून, हनुवटी छातीला टेकवून मोबाईल बघते. जेवण झालं की थेट चहापर्यंत." ती पोरगी हसली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या मानेच्या मागे बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "डोकं जड असतं, आजी. ते सारखं पुढे वाकवलं की सगळा भार इथे येतो. बघायची वस्तू वर घ्या, मान खाली नेऊ नका. हातांनी काम करतानाही तेच." हातांनी काम करतानाही तेच, हे ऐकून मला आपली ओसरी आठवली. कारण हे मी आधी पाहिलं होतं. तुम्हाला कोणत्या ताईने शिकवलं नव्हतं, तरी तुम्ही करून दाखवलं होतं.

चैत्रातले उडदाचे पापड. आज आपल्या ओसरीवर, उद्या समोरच्यांकडे, अशा पाळीने दहा-बारा बाया जमायच्या. सगळ्या मांडी घालून बसलेल्या, पोळपाट जमिनीवर, डोकी त्यात खुपसलेली. त्या दिवशी पाळी आपली. तुम्ही उठून आत जाता आणि धान्य मोजायची लोखंडी पायली घेऊन येता. ती पालथी घालता, तिच्यावर पोळपाट ठेवता आणि ताठ बसून लाटायला लागता. समोरची म्हणते, "अक्का, कलेक्टरीन व्हयन्यात का?" सगळ्या हसतात, तुम्हीही हसता. "मान दुखस माय मनी," एवढंच म्हणता. मी नुसती हसले असते तर चाललं असतं. पण लग्नाला सहा वर्षं झाली होती, चूल माझ्या हातात आली होती, आणि ते बायांना दाखवायची खाज होती. मी म्हटलं, "जेवाना टाइमले नही दुखस का?" आणि उठून तुमच्या पोळपाटाखालची पायली ओढून घेतली. वर ऐकवलं, पायली पालथी घालतात का घरात, बरकत जाते. बरकतीचं नाव काढल्यावर कोण बोलणार? तुम्ही पोळपाट जमिनीवर ठेवला आणि वाकलात. दिवस कलेपर्यंत लाटत राहिलात, माझ्यापेक्षा जास्त. मला बरकतीचं काही पडलं नव्हतं, अक्का. तुम्ही शेतात गेलात की तीच पायली पालथी घालून, तिच्यावर चढून मी फळीवरचा गूळ काढून खायची.

त्यानंतर पापड असोत, निवडणं-टिपणं असो, तुम्ही जमिनीशीच वाकलात. पायली पुन्हा मागितली नाही. शेवटची काही वर्षं तर मान वर होतच नव्हती, बोलणाऱ्याच्या पायांकडे बघून उत्तर द्यायचात. मी पाहुण्यांना सांगायची, आमच्या अक्का फार मर्यादेच्या, कुणाकडे मान वर करून बघत नाहीत. लोकांना ते आवडायचं. तुम्ही गेल्यावरही मी तेच सांगत राहिले, आता घरात सगळे तेच सांगतात. तुमचा लेक, माझा नवराही, जाईपर्यंत तेच सांगत होता, आणि डोळे पुसत होता. तुमची मान माझ्या एका दिवसाने वाकली असं नाही, माझ्या आधीपासून तुम्ही राबत होतात. पण आराम पडायची एक युक्ती तुम्ही स्वतः शोधली होती, ती मी चारचौघींत काढून घेतली, आणि नंतर तुमच्या दुखण्याला मर्यादा असं गोड नाव दिलं.

ती पायली इथेच आहे. गावचं घर आवरताना मी उचलून आणली, तिच्यात लसूण ठेवते. परवा नात स्वयंपाकघरात आली. तिने लसूण ताटात ओतला, पायली टेबलावर पालथी घातली, तिच्यावर माझा मोबाईल उभा केला आणि म्हणाली, "घे, आता डोळ्यांसमोर." मी खुर्ची ओढून घेतली. ताठ बसून पाहिलं, तर खरंच कमी दुखलं. मग तिची नजर भिंतीवरच्या तुमच्या फोटोवर गेली, तो वाकल्या मानेचा. "आजी, पणजी खरंच मर्यादेने खाली बघायच्या, की त्यांचीही मान दुखायची?" मी म्हटलं, दूध बघ, उतू जाईल. गॅसवर दूध नव्हतं. तिने गॅसकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेली.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, लसणाच्या ताटाखाली ठेवते. आणि काल दुपारी घरात कुणी नव्हतं, तर मी पुन्हा दोन उशा घेऊन आडवी झाले. सवय जात नाही, आणि लाजही तेवढ्यापुरतीच वाटते, हेही लिहून ठेवते. नात पुन्हा विचारेल, ती सोडणारी नाही. फोटोकडे बघून विचारते म्हणून तुम्हाला विचारते असं समजू नका. तुम्ही मला सांभाळून घ्याल, तशी तुमची खोड आहे. या वेळी तुम्ही बोलायचं नाही. उत्तर मी द्यायचं, तिच्या तोंडाकडे बघून.