मागे घेतलेले पाय

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची हे तुम्ही होतात तेव्हाही मला ठरवता आलं नाही, आणि आज कागद समोर घेऊनही मी तिथेच अडले आहे. तुमच्याकडे सून सासूला नावाने हाक मारते. मला ते जमेना. आई म्हणावं, तर तुम्ही तसं कधी सुचवलं नाही. काकू म्हटलं असतं तर त्याचा अर्थ समजावत बसावं लागलं असतं. म्हणून दोन वर्षं मी तुम्हाला हाकच मारली नाही. तुम्ही मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असलात की मी चालत तुमच्यासमोर येऊन उभी राहायची आणि मगच बोलायला लागायची. एकदा तुम्ही तुमच्या मुलाला म्हणालात, "ही मुलगी मांजरासारखी येते. मान वर करावी तर समोर उभी." तो हसला. मीही हसले, पण कारण सांगितलं नाही.

त्याची आणि माझी ओळख कशी झाली हे तुम्हाला त्याने सांगितलं होतं, पण माझ्या बाजूने कधी कुणी विचारलं नाही. मी तेव्हा इथे अमेरिकेत, हर्नडन गावात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. नागपूरची एक मुलगी माझ्याबरोबर अपार्टमेंटमध्ये राहायची. शनिवारी सकाळी गावात बाजार भरायचा आणि तुमचा मुलगा तुमच्या बागेतली फळं घेऊन दोन तास गाडी चालवत यायचा. मी त्याला विचारलं, कच्ची, आंबट सफरचंदं आहेत का. त्याला वाटलं मी चुकून विचारते आहे. मला लोणचं घालायचं होतं. कैरी मिळत नव्हती. पुढच्या शनिवारी त्याने टेबलाखालून एक पिशवी काढून दिली. झाडाखाली पडलेली, हिरवी, कडक. पैसे घेईना. तिसऱ्या शनिवारी मी त्याला लोणच्याची बाटली दिली. ते त्याने तिथेच बोटाने चाखलं, डोळ्यांत पाणी आलं आणि तरी म्हणाला, चांगलं आहे. मैत्रीण घरी येताना म्हणाली, "यार, जो माणूस हे खाऊन चांगलं म्हणतो तो खोटारडा तरी आहे नाहीतर प्रेमात आहे." तो खोटं बोलत नाही हे मला नंतर कळलं. या घरात खोटं बोलणं माझ्या एकटीच्या वाट्याला आलं.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी देवळात पेटी वाजवायचे. तुमची उपासना कशी असते हे मी त्यांना फोनवर सांगितलं. वाद्य नाही, बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आणि सगळी मंडळी चार सुरांत गाते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेटी नाही म्हणतेस, मग सूर कोण धरतं?" मी म्हटलं, सगळेच धरतात, दादा. "मग ठीक आहे," ते म्हणाले. एवढीच त्यांची परवानगी.

आता पीचचा दिवस. ज्या वर्षी विमानं मनोऱ्यांवर आदळली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात माझी नोकरी गेली. दुसरी लवकर मिळाली नाही तर व्हिसा जाणार होता. तुमच्या मुलाने मला लग्नाचं त्याआधीच विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. पण तुम्हाला दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात कळल्या. त्या शनिवारी मी तुमच्या स्वयंपाकघरात होते. तुम्ही, तुमची नणंद, शेजारच्या दोघी आणि मी. उकळत्या पाण्यातून पीच काढायचे, गार पाण्यात टाकायचे, साल ओढायची, दोन भाग करून बी काढायची, बरण्या भरायच्या. टेबलावर रस सांडलेला, हात चिकट. खिडकीबाहेर तो खोकी उतरवतो आहे. तुम्ही हातातलं काम न थांबवता म्हणालात, "सरळ विचारते. तुझी नोकरी गेली. तू माझ्या मुलाशी लग्न करते आहेस ते त्याच्यासाठी, की इथे राहायला मिळावं म्हणून?" तिघींचे हात थांबले. मी म्हटलं, "त्याच्यासाठी." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "बरं," म्हणालात आणि पुढचं पातेलं माझ्याकडे सरकवलंत. दिवसभरात बरण्यांनी शेल्फ भरलं. मी एकही पीच खाल्ला नाही.

मैत्रिणीला सांगितलं तर ती भडकली. "तिथेच टोपलं आपटून निघून यायचं."

"गाडी त्याची होती," मी म्हटलं.

तीन आठवड्यांत मला दुसरी नोकरी मिळाली. ती मिळाल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर तुमच्याकडे येऊन, तुमच्यासमोर उभी राहून, ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, "देवाची कृपा." माफी मागितली नाहीत. मी तुमच्या मुलाशी त्या प्रश्नाबद्दल कधी बोलले नाही. मला वाटायचं, हा माझा चांगुलपणा आहे.

हिवाळ्यात मला तुमच्या चर्चच्या मंडळीत घेतलं. वसंतातल्या प्रभुभोजनाच्या आधीच्या रविवारी प्रत्येकाने उभं राहून सांगायचं असतं, की माझी देवाशी आणि शेजाऱ्याशी शांती आहे. ज्याची नाही त्याने आधी जाऊन ती करायची, मगच भोजनाला बसायचं. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही उभ्या राहिलात. मग म्हणालात, "शांती आहे. एक काम राहिलं आहे, ते पुढच्या रविवारी करीन." मी माझ्या पाळीला उभी राहिले आणि नुसतं "शांती आहे" म्हणाले.

पुढच्या रविवारी, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेऊन झाल्यावर बायका तळघरातल्या खोलीत गेल्या. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून आपण एकमेकांचे धुवायचे. जस्ताची घमेली, कोमट पाणी, कमरेला लांब टॉवेल. शेजारी जी बसेल तिच्याबरोबर जोडी लागते, मग मिठी, चुंबन, आशीर्वाद. मोजे काढून मी बाकावर बसले होते. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाहून घमेलं घेऊन माझ्याकडे आलात. पीचच्या दिवशीच्या तिघी तिथेच होत्या, आणि तुम्ही ते मुद्दाम निवडलं होतं हे मला आज कळतं. तुमच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाकाला धरून तुम्ही आधी एक, मग दुसरा गुडघा फरशीवर टेकलात. तुमचा हात माझ्या घोट्याला लागला आणि मी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले. "नको," मी म्हटलं. "तुम्ही उठा." तुम्ही तशाच होतात, ओले हात पुढे. मग नणंदेने तुम्हाला उठवलं. माझे पाय शेजारच्या बाईने धुतले. तुमचे कुणी धुतले हे मी पाहिलं नाही.

गाडीत त्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, आमच्यात मोठी माणसं धाकट्यांच्या पायाला हात लावत नाहीत. हे खरंच आहे. आम्ही ख्रिस्ती कुणाच्या पाया पडत नसलो तरी एवढं आमच्याही अंगात आहे. वडिलांचा पाय चुकून लागला तर तेच "अरेरे" म्हणायचे. त्याला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली. "मी आईला सांगतो. तिला वाटलं तू तिला क्षमा करत नाहीस. कशाबद्दल ते सांगत नाही." मग त्याने सगळ्यांना सांगितलं. पाळकांनी एका रविवारी उपदेशात माझं उदाहरण दिलं. दूर देशाची मुलगी आणि तिची नम्रता. बायका येऊन माझा हात दाबून गेल्या. तुम्ही तुमच्या जागेवर बसून होतात, टोपीच्या बंदाशी चाळा करत.

जूनमध्ये लग्न झालं. तुम्ही मला लोकरीचे मोजे दिलेत, करडे, स्वतः विणलेले. सगळे हसले, उन्हाळ्यात मोजे कशाला म्हणून. तुम्ही माझ्या पायाचं माप कधी घेतलं नव्हतं. ते बरोबर बसले.

ऑगस्टमध्ये तुम्ही अंथरूण धरलंत. ऑफिसचं काम तेव्हा मी आठवड्यातले काही दिवस घरून करू लागले होते, म्हणून तुमचं करणं माझ्याकडे आलं. रोज दुपारी कपडा भिजवून मी तुमचं अंग पुसायची, शेवटी पाय. एकदा मी टाच पुसत असताना तुम्ही म्हणालात, "तो म्हणतो, ती तुमच्याकडची पद्धत आहे." पंखा चालू होता. तुम्ही उशीवरून सरळ माझ्याकडे बघत होतात. मी म्हटलं, "हो." मी कपडा पिळायला वळले. पाठीमागून तुमचा आवाज आला, "बरं." पाच दिवसांनी तुम्ही गेलात. शरदातल्या प्रभुभोजनाला दोन आठवडे बाकी होते. मी मनाशी ठरवलं होतं, की त्या वेळी आपण खोली ओलांडून तुमच्याकडे जायचं.

तुमचं स्वयंपाकघर आता माझं आहे. तुमचा मुलगा चांगला आहे, तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमची मुलगी कॉलेजला गेली. तिला मराठी बोललेलं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. मैत्रीण क्युपर्टिनोला असते, दिवाळीला फोन करते. वडील गेल्यापासून मला नावाने, आमच्या तऱ्हेने, लांबवून हाक मारणारं कुणी उरलं नाही. दर वसंतात आणि शरदात मी उभी राहते आणि सांगते, माझी शांती आहे. इथे अजूनही कुणी कुणी पाय मागे घेतल्याची ती गोष्ट नव्या सुनांना सांगतं, आणि त्या माझ्याकडे आदराने बघतात. मी मान खाली घालते, तर तीही नम्रता ठरते.

उद्या पुन्हा तो रविवार आहे, उभं राहून सांगण्याचा. म्हणून लिहायला बसले. पद्धत खरी होती. पण माझे पाय मागे गेले तेव्हा मला पद्धत आठवली नव्हती. ती गाडीत आठवली. खोलीत मी त्या तिघींकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि मला वाटलं, आता तुम्हाला कळू दे चारचौघींत कसं वाटतं ते. तुम्ही गुडघ्यावर होतात आणि मला बरं वाटलं. फार वेळ नाही. पण वाटलं. तुम्हाला ते दिसलं होतं असं मला त्या "बरं"वरून वाटतं, आणि दिसूनही तुम्ही मोजे विणलेत.

मघाशी तुमचा मुलगा बागेतून पाणी प्यायला आला होता. "कुणाला लिहितेस?" म्हणाला. "घरी," मी म्हटलं. त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "माझाही नमस्कार कळव." तो कळवते.

हे इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं, आणि तुम्हाला तेवढंच वाचता येत होतं. मराठीत लिहिलं, कारण टेबलावर उघडं राहिलं तरी या घरात ते कुणाला वाचता येणार नाही.