पोट जमलं

रविवार, संध्याकाळ

कॉम्प्युटरवरच्या गेममधल्या जाड बाईचं पोट आज जमलं, अन् मीच जमवलं. अंग हलवणारा तयार मोड, म्हणजे गेमले वरून जोडायचा तुकडा, लावला तं ती चालताना पोट जेलीसारखं थरथरे. तशी कोण चालते? शेवटी अंगणात वाळत घातलेलं धान पायानं फिरवणाऱ्या आईले पाहिलं. पाऊल आधी पडते, पोट जराशानं हलते, अन् लगेच थांबते. बस, मोडमधलं पोटाचं वजन वाढवलं, उसळी कमी केली.

तेवढ्यात आई मागं येऊन उभी राह्यली. "हे मीच होय का?"

"हौ." मले भेव वाटला. पोटावरून बोललेलं तिले खपत नाही. काढून टाकू का? पण काहून? हुबेहूब आहे.

ती स्क्रीनजवळ वाकली. "पोट बरोबर आहे. पायाखालचं धान कुठं गेलं?"