नऊ नंबरचा खटका

सोमवार
घरमालक म्हणे विजेचा बोर्ड ठणठणीत आहे. ठणठणीत माझं कपाळ! धुण्याची मशिनं आणि इस्त्री एकदम लावली की मेन पडतो. सकाळपासून चारदा. चादरी ओल्याच. एरवी ही नवी भाड्याची जागा झकास. पुढे लाँड्री, मागे आम्ही दोघं, ऊन थेट ह्यांच्या खाटेवर. ह्यांना वर्षभरापासून खाट सोडता येत नाही. ऑक्सिजनचं मशीन लागतं, त्यात वीज गेली की माझाच श्वास अडकतो.

वायरमन आला. म्हणाला, तीन फेज असून सगळा भार एकीवरच टाकलाय. मी म्हटलं, आमच्या संसाराची तीच रीत आहे, पंचवीस वर्षं माझ्यावरच टाकलाय. हसला. इस्त्री आणि एक मशीन दुसऱ्या फेजवर नेलं. तिथेच नऊ नंबरचा खटका रिकामा होता, त्यावर ह्यांचं मशीन जोडलं. एका फेजला बत्तीस अँपिअरपर्यंतच झेपतं म्हणाला. कुठल्या खटक्यातून किती वीज जाते ते दाखवणारा मीटर ठेवून गेला, आकडे रोज लिही म्हणाला. म्हणून ही वही.

मंगळवार
सगळं एकदम लावलं, मेन पडला नाही. देव भलं करो त्याचं.
दुपारी ह्यांचं मशीन पुसायला थोडा वेळ बंद केलं, हे खाटेवर उन्हात बसले होते. तरी नऊवर तीन. आकडा वरखाली होत होता. खटका पाडून बघितला. तिकडे खाटेवर ह्यांचा श्वास थांबला. वर केला, परत आला.

बुधवार
वायरमनला बोलावलं. त्याने ह्यांच्या मशीनची वायर काढून चारवर लावली. फेज तीच. नऊचा स्क्रू मोकळा, वायरच नाही. तरी नऊवर सात. त्याने स्वतः खटका पाडला. चारवर मशीन चालू असताना हे निळे पडले. लगेच वर केला. पिशवी टाकून गेला. फोन उचलत नाही.

गुरुवार
नऊ — सोळा. मेन पडला. मी धावत जाऊन वर केला, तोवर ह्यांचे डोळे फिरले होते. इस्त्री बंद केली. जेवढी जागा केली तेवढी नऊने खाल्ली. आकडा ह्यांच्या छातीबरोबर वरखाली.

शुक्रवार
चोवीस. ह्या फेजवरचं धुण्याचं मशीनही बंद. गिऱ्हाईक शिव्या घालून गेलं, घालू दे.
हे मात्र ताजेतवाने. मी बोर्डाकडे नुसतं बघितलं तर म्हणाले,
"बंद करू नकोस. त्यालाही लागतंय."
कोणाला, विचारलं. बोर्डाच्या भिंतीकडे तोंड करून झोपले.

शनिवार
एकोणतीस. ह्या फेजवर आता फक्त ह्यांचं मशीन उरलंय. बत्तीसात ह्यांना आणि नऊला, दोघांना पुरायचं नाही.
मालक, ह्या पानाचा फोटो पाठवतेय. भिंतीत काय आहे? आधीच्या भाडेकरूंचं काय झालं? सोमवार सकाळपर्यंत उत्तर पाहिजे. टोलवाटोलवी नको. सोमवार म्हणजे सोमवार —
एकतीस —
हे खाटेवरून उतरले. आधाराशिवाय. मशीनची नळी काढून बोर्डाकडे चालत —
म्हणताहेत आता त्याला तुझा श्वास —