बाबांचा खिळा आणि वीतभर चुकलेली रेषा

मी, हिल्का पेल्टोला, वय सत्त्याहत्तर, राहणार कॅरिबू बे, उत्तर ऑन्टॅरिओ, या शहराच्या जुन्या आइस हॉकी रिंगणात पंचवीस वर्षं बर्फ घालणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघे कायद्यात धरत नाहीत, असं वकीलबाई डुशेन सांगतात. यापूर्वी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

कलम १. घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची कायसा हिला. सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीचं, दार उचलून ओढावं लागतं, हे तिला माहीत आहे.

कलम २. रबरी नळ, रंगाचे ब्रश आणि लोखंडी खरवडणी शहराच्या संग्रहालयाला. मात्र पाटीवर नुसतं 'रिंगण १९३६ साली उघडलं' लिहून भागणार नाही. लिहावं की पहिला बर्फ माझ्या वडिलांनी, उर्हो पेल्टोलांनी, खिडक्या सताड उघड्या टाकून गोठवला, कारण थंड करायचे पाईप त्यानंतर अकरा वर्षांनी आले. बर्फ गरम पाण्यानं घालतात, पातळ थरावर पातळ थर. मी घाई केली की बाबा म्हणायचे, "थांब गं पोरी, पाण्याला जरा झोप लागू दे."

कलम ३. टोप्या. एखाद्यानं तिसरा गोल केला की प्रेक्षक आपल्या टोप्या बर्फावर फेकतात, आणि गोळा मला कराव्या लागत. मालक न आलेल्या एकशे चौऱ्याऐंशी टोप्या धुऊन माळ्यावर ठेवल्या आहेत, त्या शाळेला द्याव्यात. हिरवी लोकरीची सोडून. ती मुद्दाम माझ्यासाठी फेकली होती, असं तिचा मालक त्याच्या लग्नाआधी सांगायचा आणि लग्नानंतर नाकारायचा. ती माझ्याबरोबर पुरावी.

कलम ४. १९७१ साली बाबांची कंबर गेली आणि मी त्यांचं काम मागितलं, तेव्हा रिंगणाचे संचालक व्हिटकोम्ब म्हणाले, "बाईमाणसाच्या हातचा बर्फ मध्यंतरापर्यंत तरी टिकेल का?" १९९६ साली रिंगण पाडलं तोवर टिकला. त्यांच्या चिरंजीवांना माझी पत्र्याची बादली पाण्यानं भरून द्यावी. गोठवायचं त्यांचं त्यांनी बघावं.

कलम ५. रिंगण पाडताना मी दोन लाकडी खुर्च्या उचलून आणल्या, त्या ओसरीवर आहेत. त्याही कायसाला. एकीवर मी बसते, दुसरीवर दर गुरुवारी ऑरेल थिबो येऊन बसतो. मी गेल्यावरही त्याला गुरुवारची कॉफी आणि वेलचीचा पाव मिळावा. हे ऐकून वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी पुढचं कलम सांगायला घेतलं.

कलम ६. १९७८ साली अंतिम सामना आमच्या रिंगणात होता. शेवटच्या मिनिटाला आमच्या लॉगर्स संघानं गोल मारला आणि ऑरेलचा हात वर गेला. तो सामन्याचा रेषापंच होता, याच शहरातला. आमचा खेळाडू खेळायच्या चकतीच्या आधी निळी रेषा ओलांडून चार बोटं पुढे उभा होता, म्हणजे ऑफसाइड, म्हणून गोल बाद. आम्ही हरलो. पुढची कित्येक वर्षं लोक बेकरीच्या रांगेतसुद्धा ओरडायचे, "काय रे ऑरेल, आज तरी डोळे घेऊन आलायस का?"

एप्रिलमध्ये बर्फ काढण्याआधी मी पट्टीनं मोजलं. निळी रेषा वीतभर चुकली होती. बाबा रेषा कधी पट्टीनं आखत नसत. कठड्याला एक खिळा होता, त्याला दोरी बांधत. मीही तेच करायची. त्या मोसमाआधी सुतारानं कठडा नवा केला आणि खिळा परत ठोकला, अदमासानं. मी बाबांच्या खिळ्यावर विश्वास ठेवला. रेषा जागेवर असती तर गोल धरला गेला असता. चूक माझी होती, शिव्या ऑरेलनं खाल्ल्या.

तोंडानं सांगायला पंचेचाळीस वर्षं जमलं नाही. दर गुरुवारी ठरवते आणि त्याला आणखी एक पाव वाढते. मला लाज वाटते. म्हणून माझ्या पश्चात हे कलम नव्या रिंगणात, भर सामन्यात, कर्ण्यावरून वाचावं.

कलम ७. साक्षीदार म्हणून मी ऑरेललाच बोलावलं आहे. साक्षीदारानं मजकूर वाचायलाच हवा असं नाही, पण त्यानं वाचूनच सही करावी. उठून गेला तर दुसरा शोधावा. मी रागावणार नाही, पण मला भीती वाटते आहे.

सही: हिल्का पेल्टोला
कॅरिबू बे, मंगळवार, १० ऑक्टोबर २०२३

साक्षीदार: मारी-क्लेर डुशेन, वकील

साक्षीदार: ऑरेल थिबो. सगळं वाचलं. हिल्का, त्या एप्रिलमध्ये तू मोजलंस त्याच्या आदल्या दिवशी मीही पट्टी घेऊन गेलो होतो. बोललो असतो तर व्हिटकोम्बनं तुला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि रेषा होती तिथं ऑफसाइडच होता, ते मी आजही सांगेन. कलम सहा वाचायचंच असेल तर तू मेल्यावर कशाला? शनिवारी सामना आहे. दोन तिकिटं मी काढतो. माझी हिरवी टोपी घालून ये.