भिंतीतलं भोक आणि बिनसाखरेचा चहा

आई, रविवारी आपल्या मागच्या भिंतीला भोक पाडलं. तू सांगितलं होतंस तिथेच, जमिनीलगत. वरच्या वस्तीतल्या लोकांनी त्यांच्या बाजूने पाण्याचे ड्रमच्या ड्रम ओतले आणि पाणी आपल्या गल्लीतल्या नव्या गटारातून सुळसुळत खाली नाल्याकडे गेलं, तेव्हा अख्ख्या चाळीने टाळ्या वाजवल्या. गटाराच्या पाण्याला टाळ्या! तू असतीस तर पदर खोचून सगळ्यांत पुढे उभी राहिली असतीस. "आता कळला? इतकी वर्सा मी काय बोंबलत होतंय?" हे तर नक्कीच ऐकवलं असतंस, आणि ऐकून घ्यावंच लागलं असतं.

ती भिंत उठली तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सातवीत. दंगल थांबलीय, पण भीती काही थांबलेली नाही. घाटकोपरच्या या डोंगरावर वरच्या अंगाला त्यांची वस्ती, खाली आपली चाळ, मध्ये हातभर बोळ. त्याच बोळातून तुझ्या खानावळीचे डबे वर जायचे आणि वरच्या शिवणकाम करणाऱ्या चाचीने शिवलेले ब्लाउज खाली यायचे. दोन्हीकडच्या पुरुषांनी ठरवलं, बोळ बंद करायचा. आपल्या मंडळाचे आताचे अध्यक्ष तेव्हा नुकती मिशी फुटलेले, सगळ्यांत पुढे तेच. तू चपात्या लाटता लाटता उठलीस आणि पिठाच्या हातांनी गवंड्यासमोर जाऊन उभी राहिलीस. "गडगो घालतास तर घाला, पण पाण्याक वाट ठेवा. आमच्या गावात भाव-भाव कोर्टात गेले तरी गडग्याक पाण्याची वाट सोडतत." अध्यक्ष म्हणाले, "काकी, इथे माणसं मरतायत, तुम्हाला पाण्याचं काय पडलंय?" तू म्हणालीस, "दंगल चार दिवसांची रे झिला, पाणी दरवर्षी येतला." सगळे हसले. गवंडीही हसला, पण त्याने दोन विटांची जागा मोकळी सोडली. मग तुझं लक्ष माझ्याकडे गेलं. मी मोठ्या हौसेने विटा आणून देत होते. माझ्या पाठीत धपाटा घालून तू म्हणालीस, "ह्या भिंतीक तुझो हात नको लागूक."

आठ दिवसांत ते भोक बुजलं. कुणी बुजवलं, तुला कधीच कळलं नाही. तुझा संशय अध्यक्षांवर, आणि तुझा संशय म्हणजे कोर्टाचा निकाल. त्यानंतर ते मंडळाच्या कामासाठी घरी आले की तू त्यांना चहा द्यायचीस, आल्यागेल्याला चहा न देणं तुला जमणारं नव्हतं, पण त्यांच्या कपात साखर नाही. बरणी समोर फळीवर भरलेली, आणि तू त्यांच्या तोंडावर म्हणायचीस, "साखर संपली." दरवेळी! ते मुकाट्याने पिऊन "बरं काकी" म्हणत उठायचे. तू गेलीस त्या वर्षापर्यंत हे चाललं. मी आत ओट्यापाशी खाली मान घालून उभी असायचे.

आता पाऊस तू पाहिलास तसा राहिलेला नाही गं. आठवड्याचं पाणी तासाभरात ओततो आणि मग चार दिवस कडक ऊन. गेल्या पावसात चाचीच्या गल्लीत कमरेएवढं पाणी तुंबलं, कारण त्याला जायला वाटच नाही. भिंतीला आपल्या बाजूने पोट आलं. आणखी एक तसा पाऊस, की ती आपल्या खोल्यांवर, हे कळायला माझ्यासारखी पवईच्या ऑफिसात नकाशे काढणारी बाईसुद्धा नको. तरी मी नकाशा काढला आणि दोन्हीकडे घेऊन फिरले. आपले म्हणाले, "त्यांचं पाणी आपल्या दारातून कशाला?" ते म्हणाले, "भोक करताना भिंत पडली तर आळ आमच्यावर येणार." महिनाभर बैठका. मे महिना संपत आला, माझी तर झोपच उडाली. शेवटी चाची उठली. पाठीत वाकलीय, आवाज मात्र तसाच. म्हणाली, "इसकी अम्मा उस दिन चिल्ला रही थी, पानी को रास्ता दो. हम उस तरफ खड़े सुन रहे थे. तब चुप रहे, अब तो बोलो." एवढं बोलून ती खाली बसली. मग अध्यक्ष गुडघ्यावर हात टेकत उठले आणि म्हणाले, "आधी आपल्या बाजूचं गटार खोदू. कुदळ माझी."

दुसऱ्या दिवसापासून वरची माणसं फेरा मारून खाली यायला लागली, आपल्यातल्यांबरोबर गटार खोदायला. इशाराही ठरला. पाणी वाढलं की वरून मशिदीच्या भोंग्यावर सांगायचं, खाली देवळातली घंटा वाजवायची, आणि सगळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन शाळेत जायचं. या दोन आवाजांवरून किती भांडणं झाली, तुला माहीतच आहे. तर शनिवारी दुपारी तालीम घेतली. भोंगा झाला, वरचे लोक शिस्तीत निघाले. घंटा झाली, आणि आपली चाळ हातात वाट्या घेऊन देवळात हजर! प्रसादाला! मी कपाळावर हात मारला. वरचे लोक शाळेच्या दारात पोट धरून हसतायत. मग चाचीच्या सुनेने खरोखरच शिरा केला आणि तो शाळेत नेऊन ठेवला. दुसऱ्या तालमीला आपली चाळ सगळ्यांच्या आधी पोचली.

आणि मग रविवार. गवंडी म्हणाला, "इथल्या विटा वेगळ्या दिसतायत, इथूनच सुरू करतो." दोन घाव घातले, सिमेंटचा पोपडा निघाला, आणि विटांच्या तुकड्यांबरोबर एक छोटा कॅनव्हासचा बूट बाहेर पडला. शाळेचा. एकाच पायाचा. आठवतो ना? तो हरवला म्हणून तू मला झोडपलं होतंस, आणि दुसऱ्याच दिवशी नवी जोडी आणून माझ्या उशाशी ठेवली होतीस, पांढरीशुभ्र, एक नंबर मोठी. ती घालून शाळेत जाताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भिंत उठली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, वरचे लोक त्या भोकातून पेटते बोळे टाकतील. माझं अंथरूण भिंतीला लागून होतं. तू डबे द्यायला गेलीस त्या दुपारी मी नळाच्या दुरुस्तीतलं उरलेलं सिमेंट आणलं. विटांचे तुकडे पुरेनात, म्हणून पायातला बूट कोंबला. अध्यक्षांनी तो बूट उचलून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "घे, जोडी पुरी कर." मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?" म्हणाले, "त्या दुपारी नळावर मीच होतो की. रडत होतीस आणि लिंपत होतीस." "मग आईला का नाही सांगितलं?" "सांगून? काकींनी तुला सोलून काढलं असतं. माझं काय, चहाच कडू लागायचा ना!"

चाचीला मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. तिच्याच घरात इतकी वर्षं पाणी शिरत होतं. तिने बूट उलटसुलट करून बघितला. "बच्ची थी. डर गई थी. इधर भी सब डरे हुए थे." मग डोळे बारीक करून म्हणाली, "लेकिन अब हर बारिश में इस छेद की जाली तू साफ करेगी." शिक्षा मान्य. आई, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

काल अध्यक्षांना चहाला बोलावलं. तुझीच बरणी काढली, दोन चमचे भरून साखर घालणार, तोच त्यांनी कपावर हात ठेवला. "नको गं, डायबिटीस आहे. तुझ्या आईने सवय लावून ठेवली होती, म्हणून जड जात नाही." आम्ही दोघंही हसत सुटलो. मला हसता हसता रडू आलं आणि त्यांनी ते न दिसल्यासारखं केलं. याही वेळी.

बूट माझा होता, आई. पत्र तुला पोचायची सोय असती, तर हे मी लिहिलंच नसतं. तुझा हात किती लागतो ते मला अजून आठवतंय.